तिकीटदरवाढीच्या सुनावणीला जाण्याआधी ‘स्वॅप’ शोधा

न्यूयॉर्क, बॉस्टन किंवा फिलाडेल्फियात बस-मेट्रोचे तिकीट वाढवायचे झाले की प्रशासन पगार, पेन्शन आणि इंधनाचे आकडे पुढे करते. बँकांशी केलेले व्याजदर-अदलाबदलीचे करार, म्हणजे ‘स्वॅप’, मात्र लेखापरीक्षण अहवालाच्या शेवटच्या टिपांत पडून राहतात. प्रवाशांची बाजू मांडणाऱ्यांनी आधी त्या टिपा वाचाव्यात.

२००८ पूर्वीच्या काही वर्षांत बँकांनी हा माल असा विकला. परिवहन संस्थेने बदलत्या व्याजाचे करमुक्त कर्जरोखे काढायचे. बँकेला दरवर्षी ठरावीक, समजा ४ टक्के द्यायचे. बदल्यात बँक लायबॉरच्या, म्हणजे बँका एकमेकांना ज्या व्याजाने कर्ज देत त्या दराच्या, ६७ टक्के देणार, आणि त्यातून रोखेधारकांचे व्याज भागणार. करमुक्त रोख्यांचा दर बाजारदराच्या साधारण दोन-तृतीयांश राहतो, या अंदाजातून तो ६७ आला. सरळ स्थिर व्याजाच्या रोख्यांपेक्षा हे स्वस्त पडेल, असे संचालक मंडळाला सांगितले जाई. कागदावर ते खरेही होते.

गाडी रुळावरून घसरली ती फेब्रुवारी २००८ मध्ये. लिलावाने व्याज ठरणाऱ्या रोख्यांना गिऱ्हाईकच मिळेना. जर्सी सिटीतले कितीतरी मराठी नोकरदार ज्या ‘पाथ’ गाडीने मॅनहॅटनला जातात, ती चालवणाऱ्या पोर्ट अथॉरिटीच्या अशा एका रोख्याचा दर ४ टक्क्यांच्या आसपास होता, तो एका लिलावात २० टक्क्यांवर गेला. अशा रोख्यांना स्वॅप जोडलेला होता तिथे बँकेकडून मिळणारी रक्कम घसरत्या लायबॉरबरोबर घटत गेली आणि रोख्यांचे व्याज वर चढले. दोन्हीकडून मार. त्यात २०१२ मध्ये उघड झाले की बार्कलेजसारख्या बँका लायबॉरसाठी खोटे आकडे कळवत होत्या. १० कोटी डॉलरच्या स्वॅपमध्ये लायबॉर नुसता ०.०१ टक्क्याने कमी दाखवला तरी संस्थेचे वर्षाला ६,७०० डॉलर बुडत.

मग करार मोडून का टाकत नाहीत? खरी ग्यानबाची मेख इथेच आहे. १० कोटींच्या स्वॅपची २० वर्षे उरली आहेत, तुम्ही ४ टक्के भरता आणि बाजारातला स्थिर दर आता २.५ आहे असे धरा. फरक वर्षाला १५ लाख. २० वर्षांच्या या फरकाची आजची किंमत सुमारे २ कोटी ३४ लाख डॉलर होते, आणि बाहेर पडायला ती एकरकमी मोजावी लागते. घरकर्ज फिरवून घेण्याइतके हे सोपे नाही. शिवाय संस्थेचे किंवा रोख्यांच्या विमा कंपनीचे पतमानांकन घसरले, तर हीच रक्कम बँक मागू शकते, अशी कलमे अनेक करारांत असतात. २००८ मध्ये अॅम्बॅक, एमबीआयए या विमा कंपन्यांचे ‘एएए’ हे सर्वोच्च मानांकन गेले.

दुसऱ्याच्या चुकीचे बिल कसे येते, ते वॉशिंग्टन मेट्रोने पाहिले. तिने डबे कागदोपत्री बँकेला देऊन परत भाड्याने घेतले होते. करसवलत बँकेला, त्यातला थोडा वाटा मेट्रोला. हमी होती एआयजी या विमा कंपनीची. २००८ मध्ये एआयजीचे मानांकन कोसळले आणि बेल्जियमच्या केबीसी बँकेने मेट्रोकडे ४ कोटी ३० लाख डॉलर मागितले. प्रकरण कोर्टात जाऊन तडजोडीने मिटले.

आता शोधायचे कुठे? ‘एम्मा’ या सरकारी कर्जरोख्यांच्या मोफत संकेतस्थळावर संस्थेचे नाव टाका, ऑफिशियल स्टेटमेंट (रोखे विकतानाचे माहितीपत्रक) आणि ताजा लेखापरीक्षण अहवाल उतरवा आणि त्यात ‘डेरिव्हेटिव्ह’ शोधा; स्वॅप याच नावाखाली येतात. गॅस्बी या सरकारी हिशेबांचे नियम ठरवणाऱ्या मंडळाच्या ५३ क्रमांकाच्या नियमामुळे मूळ रक्कम, दोन्ही बाजूंचे दर, मुदत, समोरची बँक, आजचे मूल्य आणि करार मोडण्याचा धोका छापावाच लागतो. आजचे मूल्य उणे असेल, तर आज बाहेर पडायला साधारण तेवढे लागतील. मूळ रकमेला तोटा समजू नका; ती फक्त व्याज मोजण्यासाठी धरलेली असते. नवखे लोक तिथेच फसतात आणि अधिकारी त्यांना दोन वाक्यांत गप्प करतात. जून २०२३ मध्ये डॉलर लायबॉर बंद झाला, तेव्हा जुन्या करारांत त्याच्या जागी आलेला सोफर दर कोणत्या सूत्राने बसवला तेही तपासा. मूळ करार आणि सल्लागाराला दिलेली फी टिपांत नसेल, तर न्यूयॉर्कमध्ये ‘फॉइल’ या माहिती-अधिकार कायद्याखाली अर्ज करा. पाच कामकाजी दिवसांत उत्तर किंवा पोच द्यावी लागते.

सल्लागाराची फी मुद्दाम मागा. शहरांनी स्वतःच नेमलेली सीडीआर ही सल्लागार कंपनी, रोख्यांचे पैसे गुंतवण्याच्या निविदा ठरावीक बँकांना मिळाव्यात म्हणून फिरवत होती. अशा संगनमताबद्दल २०११ मध्ये यूबीएसने १६ कोटी आणि जेपी मॉर्गनने २२ कोटी ८० लाख डॉलर भरले.

सुनावणीत बोलायला दोन-तीनच मिनिटे मिळतात. ती भावनिक भाषणात घालवू नका. आजचे मूल्य आणि वर्षाला बँकेकडे जाणारी निव्वळ रक्कम सांगा, आणि करार फेरबोलणीला काढण्याचा ठराव मागा. ‘करार तो करार’ हे उत्तर हमखास येईल. तेव्हा दोन दाखले हाताशी ठेवा. अलाबामातल्या जेफरसन काउंटीत लाच देऊन स्वॅप मिळवल्याचे निघाल्यावर २००९ मध्ये जेपी मॉर्गनने ६४ कोटी ७० लाखांच्या मोडणी-रकमेवर पाणी सोडले. आणि दिवाळखोर डेट्रॉइटने आपले स्वॅप मिटवायला १६ कोटी ५० लाख द्यायचे ठरवले होते. जानेवारी २०१४ मध्ये न्यायाधीशांनी ते फेटाळले आणि काही महिन्यांत तेच स्वॅप बँकांनी ८ कोटी ५० लाखांत मिटवले.