आजार बरा होणार नाही म्हटल्यावर: घरी, दवाखान्यात की वारज्याला?

"आता घरी न्या आणि सेवा करा," असं डॉक्टरांनी सांगितलं की घरात दोन तट पडतात. आमच्या कोरेगावच्या घरातही पडले. सासऱ्यांना, आबांना, तोंडाचा कॅन्सर होता आणि तो पसरला होता. शेवटच्या चार महिन्यांत आम्ही घर आणि दवाखाना दोन्ही पाहिलं, पुण्याजवळ वारज्याच्या, अशा रुग्णांचं दुखणं सांभाळणाऱ्या केंद्रातही बारा दिवस राहून आलो. सातारा-सांगलीकडचं कुणी आज याच पेचात असेल, त्यांच्यासाठी लिहितेय.

बहुतेकांचा जीव घरातच अडकलेला असतो. आबांची खाट आम्ही सोप्यात टाकली होती, तिथून गोठा दिसायचा. म्हैस दावणीला आली का, हे ते मानेनंच विचारत. पण घरी ठेवणं मायेवर निभत नाही, दुखणं आटोक्यात असावं लागतं. सुरुवातीला आम्ही मॉर्फिनची गोळी दुखलं की द्यायचो, आणि दुखणं कायम गोळीच्या पुढे. ही आमची मोठी चूक. नंतर वेळा कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिल्या: सहा, दहा, दोन, सहा, आणि रात्री दहाला डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दुप्पट, म्हणजे मधे उठवायला नको. चौथ्या रात्री आबा सलग पाच तास झोपले आणि सासूबाई उशाशी बसून रडल्या.

मॉर्फिनची भीती घालणारे पाहुणे भरपूर भेटतील. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दुखण्यासाठी दिलेल्या मॉर्फिनचं सहसा व्यसन लागत नाही. बद्धकोष्ठता मात्र हमखास होते, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत मागा. २०१४ साली कायदा बदलून मॉर्फिन मिळणं सोपं केलंय, तरी गल्लीतल्या मेडिकलमध्ये ते मिळणार नाही. मिरज, कराडच्या कॅन्सर विभागात आधी चौकशी करा. गावातल्या सरकारी आरोग्य मंदिरात आणि आशाताईंनाही विचारा. पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे बरा न होणाऱ्या आजारात दुखणं आणि त्रास कमी करणारी सेवा, त्यांच्या ठरलेल्या सेवांमध्ये येते.

आणि माणसं मोजा. रात्र जागायला, कूस बदलायला, नळीतून भरवायला किमान दोघं हवीत. माझे दीर आठवड्यातून तीन रात्री आले नसते, तर मी आडवी झाले असते. घरात एकटीच बाई असेल तर फक्त घरावर भिस्त ठेवू नका, ती आजारी पडते.

दवाखाना रक्तस्राव, श्वासाचा त्रास, अचानक वाढलेल्या वेदना यांसाठी लागतोच. पण एका रात्री घाबरून आम्ही आबांना आयसीयूत नेलं. तिथे हात बांधलेले आणि भेटायला दिवसातून दहा मिनिटं. व्हेंटिलेटर लावायचा का, याचा निर्णय दारात उभं राहून घेऊ नये. माणूस शुद्धीत असतानाच विचारा. आपली इच्छा आधी लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये हा हक्क मान्य केला आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात.

वारज्याचं सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून चालतं. उपचार मोफत, आणि घरचं माणूस रुग्णाजवळच राहतं. लोकांना वाटतं तिथे मरायला नेतात. आम्हाला तिथे दुखणं आटोक्यात आणून, जखम कशी धुवायची, वास कसा कमी करायचा हे शिकवून घरी पाठवलं. मला नर्सनं तीनदा माझ्या हातानं ड्रेसिंग करायला लावलं, तेव्हा कुठे भीती गेली. भेटायला येणारे कमी, पण मला तर तो आबांचा आरामच वाटला.

माझं मत विचाराल तर सातारकरांनी आधी काही दिवस वारजे आणि मग घर धरावं. हायवेनं जेमतेम अडीच तास लागतात. सांगलीहून ते दुप्पट पडतं आणि खिळलेल्या माणसाला तो प्रवास सोसत नाही. त्यांनी मिरजेत दुखण्याचं औषध बसवून घ्यावं आणि घरीच सांभाळावं. वेदना गोळीनं हटतच नसतील तर लांब असलं तरी वारजे.

घर ठरलं तर एक काम आजच करा. मृत्यूनंतर घरी येऊन दाखला देईल अशा ओळखीच्या डॉक्टरांशी बोलून ठेवा. आमची पहाटे त्यावरूनच धावपळ झाली. त्यांचा नंबर कॅलेंडरवर गोळ्यांच्या वेळांखालीच लिहा, म्हणजे शोधावा लागणार नाही.