लहानग्यांचा वाढदिवस : सायंकाळचे लॉन की सकाळचे अंगण?

आमच्या मुलीचा जन्म 19 जानेवारी 2023 चा. तिचा पहिला वाढदिवस आम्ही नागपुरात काटोल रस्त्याकडच्या एका लॉनवर सायंकाळी केला आणि दुसरा सुभाषनगरच्या घरी, अंगणात, सकाळी, बोरन्हाणाला जोडून. दोन्ही करून पाहिल्यामुळे, ज्यांच्या घरी दहा-अकरा महिन्यांचे बाळ आहे असे परिचित हल्ली मला हमखास विचारतात की कुठे केलेले बरे. प्लेटचा दर, किमान प्लेटा, फुग्यांच्या कमानीचे पैसे या गोष्टी एका फोनवर कळतात, म्हणून त्या येथे सांगत बसत नाही. फोनवर न कळणारे जे आहे तेवढेच लिहितो.

लॉनची बाजू लंगडी नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. आमच्या दोन्हीकडच्या नातेवाइकांची संख्या धरली, त्यात कार्यालयातले सहकारी आणि जुन्या मोहल्ल्यातले शेजारी मिळवले, तर एकशेचाळीस माणसे होतात, आणि एवढ्यांना घरी बोलावणे शक्य नसते. लॉनवर गाड्या लावायला जागा असते, गुडघे दुखणाऱ्या आत्याबाईंना खुर्ची मिळते, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या दिवशी घरात एकही खरकटे भांडे नसते. शिवाय बाळंतपणापासून बाळाला प्रत्यक्ष न पाहिलेली बरीच मंडळी असतात. त्यांना एकाच वेळी बाळ दाखवून होते आणि कोणाचा रुसवाही उरत नाही. माझ्या वडिलांना तर लॉनच आवडले होते, कारण त्यांचे इतवारीतले जुने मित्र त्यांना कितीतरी दिवसांनी एकत्र भेटले. हे सुख घरच्या कार्यक्रमात तेवढे मिळाले नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

माझे मत मात्र एकाच गोष्टीवरून फिरले, आणि ती गोष्ट म्हणजे केकसाठी थांबणे.

निमंत्रण सातचे होते. नागपुरात सातचे निमंत्रण म्हणजे साडेआठ, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. लग्नांना आम्हीही तसेच पोचतो. परंतु लग्नातल्या नवरदेवाला रात्री आठला झोप येत नाही, एवढा साधा फरक मी हिशेबात धरला नव्हता. आमची मुलगी त्या काळात आठाच्या ठोक्याला झोपत असे. पावणेआठला तिने डोळे चोळायला सुरुवात केली आणि डोक्यावरचा पुठ्ठ्याचा मुकुट ओढून काढला. त्याच्या इलॅस्टिकचा लाल वळ हनुवटीखाली उमटलेला होता. सव्वाआठला ती माझ्या खांद्यावर झोपून गेली. जानेवारीतली उघड्यावरची रात्र, त्यामुळे महिनाभर शोधून आणलेल्या फ्रॉकवर आईने विणलेला स्वेटर चढवावा लागला, आणि तो फ्रॉक त्यानंतर कोणाच्याच दृष्टीस पडला नाही. इकडे माइकवाला दर दहा मिनिटांनी ‘थोड्याच वेळात’ असे जाहीर करीत होता. केक तर आठलाच तयार होता, पण वर्ध्याचे मोठे बाबा यायचे होते, आणि घरातली सर्वांत मोठी व्यक्ती वाटेत असताना केक कापणे आमच्याकडे शोभत नाही. फोन लावला की ‘बुटीबोरी सोडली, येऊनच राहिलो’ असे उत्तर येई. तीन वेळा फोन केला आणि तिन्ही वेळा बुटीबोरीच सुटली होती.

मोठे बाबा नऊ वाजून वीस मिनिटांनी आले. उघड्यावरचे ध्वनिक्षेपक रात्री 10 नंतर बंद ठेवावे लागतात, ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियमच तसे आहेत, त्यामुळे एवढा वेळ निवांत असलेल्या माइकवाल्याला एकाएकी घाई सुटली. छायाचित्रकार म्हणाला, “भाऊ, बाळाला जागवा ना एकदा, दोनच फोटो.” आम्ही जागवले. गाढ झोपेतून उठलेल्या त्या एवढ्याशा जिवासमोर प्रखर दिवे होते, चेहऱ्यांची भिंत होती, आणि तेवढ्यात कोणीतरी कानाशीच कागदी चुऱ्याची नळी फोडली. त्यानंतर जे रडणे सुरू झाले ते गाडीत बसेपर्यंत थांबले नाही. “काहून रडून राहिली बापा माही बाई?” असे म्हणत मोठ्या बाबांनी तिला जवळ घेतले, पण त्यांना तिने त्याआधी दोनदाच पाहिले होते. केक माझ्या हाताने कापला गेला. तिची मूठ सुरीवर नुसती धरून ठेवली होती. अल्बममध्ये त्या क्षणाची अकरा छायाचित्रे आहेत आणि अकराही छायाचित्रांत ती मान वळवून आईचा खांदा शोधते आहे. ती हसत असलेले एकच छायाचित्र आहे, पावणेसातचे, जेव्हा मागच्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या आणि ती हिरवळीवर बसून खुर्चीला बांधलेली सॅटिनची फीत सोडवीत होती.

यात लॉनवाल्यांचा दोष नाही. त्यांनी ठरल्याप्रमाणे सर्व दिले. उशीर आमच्या माणसांचा होता आणि सायंकाळची वेळ आम्हीच निवडली होती. कदाचित तुमचे बाळ रात्री अकरापर्यंत खिदळणारे असेल; तशी मुलेही पाहिली आहेत, आणि त्यांच्या बाबतीत माझा हा आक्षेप गळून पडतो.

दुसरा एक लहानसा त्रास तेथे झाला, ज्याकडे आधी मी दुर्लक्ष केले होते. मुलगी त्या दिवशी धरून धरून उभी राहत असे, पण चालत नव्हती. एकशेचाळीस पाहुण्यांपैकी निदान वीस जणांनी ‘चालत नाही का अजून?’ असे विचारले, आणि त्यांतल्या काहींनी आपली नातवंडे दहाव्या महिन्यातच कशी धावत होती तेही ऐकवले. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार निरोगी मुले आधाराशिवाय चालू लागण्याचा काळ साधारण आठव्या महिन्यापासून जवळजवळ अठराव्या महिन्यापर्यंत पसरलेला असतो, हे आमच्या बालरोगतज्ज्ञांनी आम्हाला आधीच समजावले होते. तरीही पत्नी त्या रात्री परतीच्या वाटेवर गप्प होती. पुढे चौदाव्या महिन्यात मुलगी स्वयंपाकघरातून देवघरापर्यंत एकटी चालत गेली आणि विषय संपला. मोठ्या मेळाव्यात बाळाची परीक्षा होते, आणि घरगुती कार्यक्रमात बाळाकडे नुसते पाहिले जाते, असा माझा अनुभव आहे. इतरांचा वेगळा असू शकेल.

दुसऱ्या वर्षी 19 जानेवारीला रविवारच आला. आईचा आग्रह वाढदिवस तिथीने करावा असा असतो, आणि तिथी अर्थातच दरवर्षी तारखेच्या मागे-पुढे सरकते. पण संक्रांत सूर्याच्या गतीवर बेतलेली असल्याने 14 किंवा 15 जानेवारी सोडत नाही, आणि बोरन्हाण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केव्हाही चालते. त्या वर्षी रथसप्तमी 4 फेब्रुवारीला होती. म्हणजे तारखेचा वाढदिवस आपोआप बोरन्हाणाच्या दिवसांत बसत होता. आईचेही समाधान झाले आणि माझेही. संक्रांतीनंतर लगेच जन्मलेल्या मुलांच्या पालकांना हा फायदा फुकट मिळतो. मे महिन्यातल्या मुलांसाठी मी अंगणाची शिफारस करणार नाही. नागपूरच्या उन्हात सकाळी दहानंतर अंगणात बसणे म्हणजे काय, ते आपणास सांगायला नको.

बिछायत केंद्रातून दोन सतरंज्या, तीस खुर्च्या आणि दोन मोठे गंज, म्हणजे पातेली, आणले. वेळ साडेदहाची दिली. मुलगी सातला उठलेली, दूध प्यालेली, न्हाऊन ताजी होती. काळे झबले, त्यावर हलव्याचा हार, बाजूबंद आणि कमरपट्टा. कमरपट्ट्यातले दोन दाणे तिने औक्षणाच्या आधीच चाटून गुळगुळीत केले होते. पाटावर बसवून आईने औक्षण केले, मग पत्नीने आणि आत्याबाईंनी मिळून डोक्यावरून मुरमुरे, तिळाच्या रेवड्या, बोरे, उसाचे करवे आणि घाटे ओतले. शेजारची सात-आठ मुले सतरंजीवर तुटून पडली. मला वाटले आता रडे येणार. पण ती क्षणभर थबकली, केसांत अडकलेला मुरमुरा काढून तिने तोंडात टाकला, आणि मग पाटावरून उतरून स्वतःच गोळा करायला लागली. गोळा केलेले एकेक बोर ती माणसागणिक नेऊन देत होती, आणि प्रत्येकाला ‘घे’ म्हणत होती. हा शब्द त्या आठवड्यातच आलेला होता. अकराच्या सुमारास मोठे बाबा आले, तेव्हा तिच्या ओच्यात एकच बोर उरले होते आणि ते त्यांना मिळाले. त्यांच्यासाठी थांबावे लागले नव्हते, कारण बोरन्हाणाला कोणी थांबून धरीत नाही; उशिरा येणारा पंगतीला बसतो, एवढेच. इतवारीचे मामाजी तर अग्रसेन चौकात मेट्रोत बसून सुभाषनगरला उतरले आणि स्थानकावरून पायी आले. रात्रीच्या कार्यक्रमाला त्यांना आणायला आणि सोडायला प्रत्येकी एक माणूस लागला होता.

आता घरच्या बाजूचे खरे दुखणे. घरचा कार्यक्रम साधा असतो असे आपण पुरुष सहज म्हणतो, परंतु तो साधेपणा घरातल्या बायकांच्या कमरेवर उभा असतो. आईने सांबारवड्या (सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर) घरीच करायच्या असा हट्ट धरला, कारण जानेवारीतल्या सांबाराची चव नंतर राहत नाही, आणि आदल्या दिवशी दुपारपासून सांबार निवडणे, वाटण, लाटणे, तळणे हे सर्व चालू होते. चाळीस माणसांच्या एकशेवीस वड्या झाल्या. सायंकाळपर्यंत पत्नीच्या बोलण्यात धार आलेली होती, आणि ती वाजवीच होती. वडाभात, कढी आणि जिलबी मी एका आचाऱ्याकडून करवून घेतली नसती, तर माझे हे सगळे मतप्रदर्शन घरात कोणी ऐकून घेतले नसते. तेव्हा घर निवडणार असाल तर स्वयंपाक बाहेर सोपवा आणि एखादाच पदार्थ हौसेला ठेवा. नाहीतर लॉनच बरे, असे मीच म्हणेन.

चाळीसच माणसे बोलावल्यामुळे उरलेल्या शंभरांपैकी काहींनी टोमणे मारले, तेही सांगून टाकतो. एका साडूंनी तर मार्चपर्यंत फोन केला नाही. त्यांच्याकडे आम्ही नंतर तिळगुळाची उरलेली डबी घेऊन स्वतः गेलो, मुलीला घेऊन, आणि तिने त्यांच्या टीपॉयवरचा पाण्याचा पेला सांडून गाठ सोडवली.

जिवाच्या बाबतीत दोन्हीकडे डोळ्यांत तेल घालावे लागते. लॉनवर फुटलेल्या फुग्यांचे रबरी तुकडे हिरवळीत पडलेले असतात आणि रांगणारे मूल ते थेट तोंडात घालते. असा तुकडा श्वासनलिकेला चिकटला तर काढणे फार अवघड. घरी बोरन्हाणात आठळीसकट बोर, अख्खे शेंगदाणे आणि कडक हलवा यांचा धोका तसाच असतो. आम्ही शेंगदाणे वगळले, बोरे निवडून मोठीच घेतली, आणि एका भाचीला फक्त मुलीच्या तोंडाकडे पाहत राहण्याचे काम दिले. तिने ते इतक्या निष्ठेने केले की स्वतः काही लुटलेच नाही. तिच्यासाठी वेगळी पिशवी भरावी लागली.

माणसे शंभराच्या वर असतील, घर तिसऱ्या मजल्यावर असेल किंवा घरातल्या बायकांना खरोखर विसावा हवा असेल, तर लॉन घ्यावे, पण सकाळचे किंवा दुपारचे मिळते का ते आधी विचारावे. सायंकाळच्या मानाने ती वेळ मिळणे सोपे जाते, असे आमच्या एका शेजाऱ्यांनी यंदा करून पाहिले. त्यांच्या बाळाने केकमध्ये स्वतःचा हात घातला, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. आमचा कल मात्र एव्हाना आपल्या लक्षात आला असेलच. यंदा 19 तारीख सोमवारी येते, म्हणून तिसरा वाढदिवस आदल्या दिवशी, रविवारी 18 ला, अंगणातच ठरला आहे. सर्वांना साडेदहाची वेळ कळवायची आहे. मोठ्या बाबांना साडेनऊची कळवली आहे, आणि आईच्या मते तीही अर्धा तास उशिराचीच आहे.