जीएनएक्स: एवढं कौतुक जास्त झालं का?
अमेरिकन रॅपर केंड्रिक लमारने जीएनएक्स हा अल्बम २२ नोव्हेंबर २०२४ ला काही न सांगता अचानक टाकला आणि तेव्हापासून आमच्या ग्रुपवर भांडण चालूच आहे. समीक्षकांनी डोक्यावर घेतलाय, पण मित्र म्हणतो अरे त्याच्या आधीच्या डॅम अल्बमला पुलित्झर पुरस्कार मिळाला होता, त्याच्यापुढे ही नुसती गाडीत वाजवायची गाणी. अरे पण नावच ब्युइकच्या जीएनएक्स गाडीवरून आहे, मग काय देवघरात वाजवायची?? १२ गाणी, ४४ मिनिटं, उगाच पाणी घातलेलं नाही. सुरुवातीलाच गायिका डेरा बरेराचा मारियाची (मेक्सिकन लोकसंगीत) आवाज येतो ना, काटा येतो अंगावर. टीव्ही ऑफ गाण्यात मधेच बीट फिरतो आणि केंड्रिक मस्टाऽऽऽर्ड (निर्मात्याचं नाव) करून ओरडतो, शेजारच्या काकू दोनदा दार वाजवून गेल्या. डॉजर ब्लू हे गाणं मात्र मी दर वेळी पुढे ढकलतो, तिथे मित्राचं पटतं. चार स्टार.