चौदा महिने, दोनदा आपटलो: डांबर आणि मुरूम दोन्हीसाठी घेतलेल्या रायडिंग गिअरचा अनुभव

वाघेऱ्याच्या घाटात पडलो तेव्हा माझ्या पॅन्टमधलं गुडघ्याचं पॅड गुडघ्यावर नव्हतं. ते फिरून आतल्या बाजूला जाऊन बसलं होतं. पॅड चांगलं होतं, लेव्हल २ चं, शिक्का असलेलं. फक्त ज्या दगडावर गुडघा आपटला त्या दगडाची आणि पॅडची गाठच पडली नाही. वेग असेल वीसचा. हाड वाचलं, पण पुढचे तीन आठवडे जिन्याच्या प्रत्येक पायरीला मला तो दगड आठवत होता.

मी नाशिकच्या अंबडला टूलरूममध्ये काम करतो. शाफ्ट आणि बुशमध्ये प्ले, म्हणजे सैलपणा, असला की मशीन कितीही महागाचं असो, जॉब वाया जातो, हे मी दिवसभर पोरांना सांगतो. आणि स्वतःच्या गुडघ्याला दोन इंच प्ले ठेवून घाटात गेलो. चौदा महिन्यांत गिअरबद्दल, म्हणजे मोटरसायकलवर घालायच्या संरक्षक कपड्या-बुटांबद्दल, जे काही कळलं त्यातलं निम्मं ह्या प्लेबद्दलच आहे. कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही. माझी पोटरी बारीक आणि पोट सुटलेलं आहे. मला जे घट्ट बसलं ते तुम्हाला बसेलच असं नाही, आणि शेवटी सगळं तिथेच अडतं.

गाडी एक्सपल्स २०० फोर-व्हॉल्व्ह. पुढचं चाक २१ इंची, ग्राउंड क्लिअरन्स २२० मिमी, सीट ८२५ मिमी. माझी उंची साडेपाच फूट, म्हणजे थांबल्यावर एकच पाय नीट टेकतो. उतारावर तो पाय खड्ड्यात गेला की गाडी आणि मी दोघं आडवे. असं उभ्या उभ्या पडणं मी मोजतच नाही. ‘दोनदा’ म्हणतोय ते खरोखरचं आपटणं.

सुरुवातीला मी मोठी चूक केली. कच्च्या रस्त्यावर जायचं म्हणून मोटोक्रॉसवाले, म्हणजे मातीतल्या शर्यतींतले, वापरतात तसा जाळीचा आर्मर-शर्ट घेतला. छातीला, पाठीला, कोपरांना पॅड आणि वरून पातळ जर्सी. दिसायला झकास, उन्हात हवेशीर. मग एकदा हिशेब केला. सिडकोतून त्र्यंबक तीसच्या आसपास किलोमीटर, तिथून पुढे हरिहर किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत आणखी पंधरा-वीस. हे सगळं डांबर. ज्याच्यासाठी एवढा थाट केला तो कच्चा रस्ता पाच-सहा किलोमीटर. आणि डांबरावर सत्तरच्या वेगात घसरलो तर ती जर्सी किती टिकणार? पॅड मार झेलतं. घसपटणं झेलतं ते कापड. मातीत माणूस आपटतो, मुरगळतो, गाडी अंगावर घेतो. डांबरावर तो किसला जातो. दोन्ही रस्त्यांवर चालवणाऱ्याला दोन्हींचा बंदोबस्त एकाच कपड्यात करावा लागतो, म्हणून हे गिअर निवडणं नुसत्या टूरिंगवाल्यापेक्षा किचकट होतं.

आर्मर-शर्ट मित्राला विकला आणि जाळीचं जॅकेट घेतलं. इथे लेबलचा एक घोळ सांगायलाच हवा, कारण मी त्यात फसलो. दुकानदार म्हणाला, "सर, सीई सर्टिफाइड आहे." सीई म्हणजे युरोपातल्या सुरक्षा मानकांची खूण. खोटं नव्हतं. पण सीई होती ती आतल्या पॅडना, जॅकेटला नाही. खांदा, कोपर, गुडघा यांच्या पॅडसाठी ईएन १६२१-१ हे युरोपीय मानक आहे, पाठीच्या पॅडसाठी १६२१-२. अख्ख्या कपड्याचं मानक वेगळं, ईएन १७०९२. त्यात ट्रिपल ए, डबल ए आणि ए असे उतरत्या क्रमाने वर्ग आहेत. त्याशिवाय बी, म्हणजे कापड टिकाऊ पण पॅड नाहीत, आणि सी, म्हणजे पॅड आहेत पण घसपटण्यापासून संरक्षण नाही. माझा आर्मर-शर्ट हा त्या शेवटच्या जातीचा प्रकार. जॅकेटच्या आतल्या शिवणीला लेबल असतं, त्यावर मोटरसायकलस्वाराचं छोटं चित्र आणि खाली वर्ग. ते नसेल तर शिवण आणि कापड किती टिकेल याची ग्वाही कुणीच दिलेली नाही असं समजा. जाळीच्या जॅकेटला बहुधा ए किंवा डबल ए मिळतं. ट्रिपल ए जाड असतं आणि एप्रिलमध्ये द्वारका सर्कलच्या सिग्नलला ते घालून उभं राहण्याची माझी तयारी नाही. मी डबल ए घेतलं.

पॅडवरचे आकडेही एकदा समजून घेण्यासारखे आहेत. प्रयोगशाळेत पॅडवर ठरावीक जोराचा घाव घालतात आणि खाली किती बल पोचलं ते मोजतात. हातापायांच्या पॅडना सरासरी ३५ किलोन्यूटनच्या आत आलं तर लेव्हल १, २० च्या आत आलं तर लेव्हल २. पाठीला हेच आकडे १८ आणि ९. बऱ्याच जॅकेटांत पाठीच्या खिशात असतो नुसता फोमचा तुकडा, तो फक्त जागा भरायला. माझ्याही जॅकेटात तोच होता. सोफ्याच्या उशीतून काढल्यासारखा. पहिल्याच महिन्यात काढून टाकला आणि लेव्हल २ चं पॅड घातलं.

पॅडवर आणखी एक खूण असते, टी प्लस. म्हणजे ते ४० अंशांनाही तपासलेलं आहे. ही मऊ पॅडं गरम झाली की आणखी मऊ पडतात. पुण्या-मुंबईच्या रिव्ह्यूंमध्ये याबद्दल कुणी बोलताना मला दिसलं नाही. नाशिकचा पारा मे महिन्यात चाळिशीला टेकतो, त्यात जॅकेट गाडीवर टाकून माणूस तासभर मिसळ खायला बसला तर पॅडचं काय तापमान होत असेल याचा विचार करा. मी आता सावलीत टांगतो.

आता गुडघ्याकडे. पॅन्टच्या आतल्या खिशात असलेलं पॅड दुकानात उभं राहून बघितलं तर अगदी बरोबर जागी दिसतं. गाडीवर बसलं, गुडघा वाकला, पॅन्ट वर ओढली गेली, की ते दोन-तीन बोटं सरकतं. पडताना जमिनीला घासून कापड पिळलं जातं आणि पॅड त्याच्याबरोबर फिरतं. वाघेऱ्याला हेच झालं. उतारावर मुरूम सुटा होता, पुढचा ब्रेक जरा जास्त दाबला, चाक गेलं. त्यानंतर मी पॅन्टमधली पॅडं काढली आणि आतून पट्ट्यांनी बांधायचे बिजागरीवाले नी-गार्ड घेतले. नडगीपर्यंत येतात, गुडघ्याबरोबर वाकतात, जागा सोडत नाहीत. घालायला पाच मिनिटं लागतात आणि पहिला महिना गुडघ्यामागे चावतात. तरीही माझं मत असं, की बजेट मोजकं असेल तर जॅकेट साधं घ्या, पण नी-गार्ड आणि बुटांत काटकसर नको. कच्च्या रस्त्यावर माझ्यासारखा माणूस पडतो तो हळू, आणि गाडी पायावरच येते.

दुकानात करायची तपासणी सोपी आहे. जॅकेट पूर्ण बंद करा, हँडल धरल्यासारखे हात पुढे करा आणि बरोबरच्या माणसाला कोपराचं पॅड धरून फिरवायला सांगा. फिरलं तर रस्त्यावरही फिरणार. बाहीवरचे पट्टे आवळून बघा, तरी फिरलं तर एक साइज खाली उतरा. आमच्या हिच्या शब्दांत, "कपडा आहे का पोतं?" हा प्रश्न विचारायला दुकानात कुणीतरी बरोबर हवं.

दुसरं आपटणं डांबरावरचं. द्राक्षांचा हंगाम, आडगावच्या पुढे सर्व्हिस रोड, शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांची ओली माती रस्त्यावर. वेग चाळीस. मागचं चाक सुटलं आणि मी डाव्या कुशीवर सात-आठ मीटर घसरत गेलो. जॅकेटच्या कोपरावरचं कापड घासून पांढरं पडलं, पण फाटलं नाही. मला जास्त शिकवलं ते ग्लोव्हजनी. पडताना माणूस हात टेकतोच, कितीही नको म्हटलं तरी. तळहाताचं चामडं रस्त्याला धरून बसलं तर हात जागीच थांबतो आणि अंग पुढे जातं. मनगटाचं अंगठ्याकडचं छोटं हाड बहुतेकदा तिथेच मोडतं. म्हणून तळहाताच्या टाचेवर कडक प्लास्टिकचा तुकडा असलेले ग्लोव्हज घ्यायचे, म्हणजे हात अडकत नाही, सरकतो. माझा तो तुकडा अर्धा झिजला होता. मनगट तिसऱ्या दिवशी कामावर व्हर्नियर धरत होतं. नुसती बोटांच्या पेरांवर कार्बनची ढाल आणि तळव्याला काही नाही असे ग्लोव्हज मला आता दिखाऊ वाटतात. बाकी ह्याच ग्लोव्हजची करंगळीजवळची शिवण आठव्या महिन्यात उसवली. कंपनीने "वापराची झीज" म्हणून हात झटकले. मोच्याने तीस रुपयांत शिवून दिली.

बुटांवर मी सगळ्यात जास्त खर्च केला आणि त्याचा पश्चात्ताप नाही. मोटोक्रॉसचे कडक बूट घालून गिअर टाकणं म्हणजे पायाला फळी बांधून शिवणयंत्र चालवणं. मऊ टूरिंग बुटात घोटा मुरगळतो. मधले घेतले, नडगीला प्लेट आणि घोट्याला दोन्ही बाजूंनी टोपी असलेले. गोंधळ झाला तो वॉटरप्रूफच्या मोहात. पहिल्या पावसात पहिन्याच्या बाजूला एक ओढा ओलांडताना पाणी वरून आत गेलं. वॉटरप्रूफ अस्तर पाणी आत येऊ देत नाही तसंच बाहेरही जाऊ देत नाही. घरी येईपर्यंत दोन्ही बुटांत एकेक तांब्या पाणी. दोन दिवस टेबलफॅनसमोर उलटे ठेवले तरी वास गेला नाही. आपल्याकडच्या पावसात कच्च्या रस्त्यावर जाणार असाल तर अस्तर नसलेला बूट बरा. भिजतो, पण वाळतोही.

जॅकेटच्या पावसाळी अस्तराचंही तेच रडगाणं. आतून चेनने लावायचं अस्तर अंग कोरडं ठेवतं, पण बाहेरचं जॅकेट पाणी पिऊन दोन किलो जड होतं, आणि इगतपुरीच्या वाऱ्यात ते ओलं जॅकेट अंगावर फ्रीजसारखं काम करतं. जुलैत घोटीपासून दात वाजवत आलो. आता वरून घालायचा साधा सैल रेनकोट सीटमागे बांधलेला असतो. उन्हाळ्यात उलटा प्रकार. हवा शरीरापेक्षा गरम झाली की जाळीतून येणारा वारा गार करत नाही, नुसता वाळवतो. मी आतला टी-शर्ट नळाखाली ओला करून घालतो, दर तासाला पुन्हा. जॅकेट काढून चालवणं हा उपाय नाही. उघड्या हातांवर त्या वाऱ्याने घाम टिकतच नाही.

हेल्मेट थोडक्यात. छज्जावालं घेतलं. मावळतीला सूर्य समोर असताना तो छज्जा सोन्यासारखा, मुंबई हायवेला नव्वदच्या वर तोच मान मागे खेचतो. लांब जायचं असेल तर दोन स्क्रू काढून घरी ठेवतो. आयएसआय तर हवंच, १ जून २०२१ पासून त्याशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकणंच बेकायदा आहे. त्यावर ईसीई २२.०६ हा युरोपीय शिक्काही असेल तर उत्तम, कारण त्यात तिरक्या धक्क्याचीही चाचणी आहे आणि खऱ्या पडण्यात डोकं क्वचितच सरळ आपटतं. त्याच वर्षी नाशिकात ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ निघालं होतं. पंपावर रांगेत मागच्याचं हेल्मेट उसनं घेऊन पेट्रोल भरणारे बहाद्दर मी स्वतः बघितलेत.

लोक काय म्हणतात, हा प्रश्न सगळे विचारतात. गिरणाऱ्याच्या पुढे एका टपरीवर चहाला थांबलो, तर आजीबाईंनी हेल्मेट, गार्ड, बूट बघून विचारलं, "वायरमन का रं तू? तीन दिवस झाले, लाईट नाही." नाही म्हटल्यावर चहाचे पैसे लगेच मागितले.

देखभालीत सगळ्यात जास्त छळलं ते कुसळांनी. दिवाळीनंतर डोंगरावरचं गवत वाळलं की कुसळं सुटतात आणि नी-गार्डच्या वेल्क्रोत जाऊन रुततात. एकेक चिमट्याने काढायची. अर्धी तुटून आतच राहतात. डिसेंबरपर्यंत डाव्या गुडघ्याची वरची पट्टी चालता चालता सुटायला लागली. म्हणजे पाच हजारांचं गार्ड, आणि प्ले परत आला तो वीस रुपयांच्या पट्टीमुळे. लाल माती जॅकेटच्या चेनमध्ये बसते, तिला जुना टूथब्रश आणि मेण. पॅडं काढून जॅकेट बादलीत हाताने धुवायचं, वॉशिंग मशीनमध्ये नाही. पावसाळ्यात कपाटात बंद केलंत तर आठवड्यात बुरशी.

सुट्या पट्ट्या मिळतील का म्हणून विक्रेत्याला दोनदा मेल केला, उत्तर नाही. शेवटी शालिमारजवळ शाळेच्या बॅगा दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेलो. त्यांनी गार्ड उलटंपालटं करून पाहिलं, जुनं वेल्क्रो उसवलं, नवं दुहेरी शिवण घालून बसवलं आणि ऐंशी रुपये घेतले. मी तिथेच स्टुलावर बसून गार्ड बांधलं, गुडघा वाकवून हाताने फिरवून बघितलं. हललं नाही. मग उजव्याचीही पट्टी बदलून घेतली.