‘चेक’च्या कसोटीवर एटिमऑनलाइन

चेकनाका, चेक्सचा शर्ट, बँकेचा चेक, तिकीट चेकर. हे सगळे ‘चेक’ एकाच कुळातले की नुसता नामसारखेपणा? इंग्रजी शब्दांची अशी वंशावळ काढायला डग्लस हार्पर यांचं ‘ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी’, म्हणजेच एटिमऑनलाइन, हे संकेतस्थळ फार उपयोगी आहे. ते फुकट आहे आणि नोंदी आटोपशीर आहेत.

‘चेक’ शोधताना अमेरिकी स्पेलिंग (check) टाका, कारण मुख्य माहिती तिथेच आहे. एकाच शब्दाच्या अनेक नोंदी निघतात: नामाच्या वेगळ्या, क्रियापदाच्या वेगळ्या, पुढे १, २ असे आकडे. घाईत पहिलीच नोंद वाचून थांबू नका. चौकडीच्या कापडाचा ‘चेक’ दुसऱ्या नामनोंदीत आहे.

पहिली नोंद बुद्धिबळातली, साधारण इ.स. १३०० ची: राजाला दिलेला शह. जुन्या फ्रेंचमधल्या ‘एशेक’वरून मागे जात ती लॅटिन, अरबी आणि शेवटी फारसी ‘शाह’पर्यंत पोहोचते. म्हणजे आपला ‘शह’ आणि इंग्रजांचा ‘चेक’ हे सख्खे भाऊ! ‘मात करणे’तली ‘मात’ही ‘चेकमेट’मध्ये बसलेली आहे, कारण ते मूळचं ‘शाह मात’. मित्राला म्हणतात तो ‘मेट’ मात्र वेगळा. त्याचं मूळ पंक्तीला जेवणाऱ्या सोबत्याकडे जातं.

शह दिला की राजाची वाट अडते. तिथून ‘रोखणं’, मग ‘फसवणूक रोखणारी खूण’, मग ‘ताडून पाहणं’ असे अर्थ फुटत गेले. अफरातफर रोखण्याच्या याच अर्थातून बँकेचा चेक आला. त्याची नोंद १७९८ ची. ब्रिटिश स्पेलिंगमधला (cheque) ‘क्यू’ बहुधा ‘एक्सचेकर’च्या प्रभावाने आला. आणि एक्सचेकर म्हणजे तरी काय? बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा महसूल मोजायचं, सुमारे १० फूट बाय ५ फुटांचं टेबल. त्यावर चौकटींचं कापड अंथरून सोंगट्या सरकवत हिशेब करत. बुद्धिबळाच्या पटासारखं दिसे, म्हणून हे नाव. संकेतस्थळाची खरी ताकद इथे कळते: नोंदीतल्या दुव्यांवरून ‘चेक’, ‘चेस’, ‘एक्सचेकर’ अशी साखळी हाताला लागते.

आता सांभाळायच्या गोष्टी. शब्दापुढचं साल हे त्या अर्थाच्या सापडलेल्या सर्वांत जुन्या लेखी वापराचं असतं, शब्दाच्या जन्माचं नव्हे. बोलण्यात तो आधीपासून असू शकतो. तारांकित रूपं, म्हणजे आधी * अशी खूण असलेली, कुठल्याही कागदावर सापडलेली नाहीत, ती अभ्यासकांनी तर्काने उभी केली आहेत. तारा गाळून ती पुरावा म्हणून पुढे पाठवणं ही नेहमीची चूक. देवनागरीचाही एक फास आहे: ‘चेक प्रजासत्ताक’ आपण तसंच लिहितो, पण त्या शब्दाचा या कुळाशी काही संबंध नाही.

उणीव मोठी आहे ती अवतरणांची. कुठल्या काळात कोणत्या वाक्यात शब्द कसा वापरला, हे बहुतेक नोंदींत दिसत नाही. हार्पर यांनी इतर कोशांतून संकलन केलं आहे. त्यामुळे लेखात किंवा प्रबंधात आधार द्यायचा तर ऑक्सफर्डचा मोठा कोश उघडावाच लागतो, आणि त्याला वर्गणी पडते. अर्थांची पूर्ण यादीही इथे अपेक्षू नका.

मराठी बाजू तपासायला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश शेजारी उघडा ठेवा. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो फुकट आहे. त्यात शब्दापुढे मूळ भाषेची खूण असते: फारसीला ‘पी’, अरबीला ‘ए’, संस्कृतला ‘एस’. ‘शह’ आणि ‘मात’ तिथे बघून मग ‘चेकमेट’ची नोंद वाचा.