लॉक पक्कड : नऊ महिने, तीन नग आणि बारा गेजची तार

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, फळछाटणीच्या तोंडावर, आमच्या द्राक्षबागेतली एक तार सुटली आणि तिचं टोक चुलतभावाच्या डोळ्याखाली बोटभर अंतरावरून गेलं. गालावर दोन इंचांचा ओरखडा उठला. तार तुटली नव्हती. ती धरून ठेवणारी लॉक पक्कड, म्हणजे मूठ दाबली की जबडे अडकून राहतात ती व्हाइस ग्रिप, निसटली होती. दीड महिन्यापूर्वी मीच ऑनलाइन मागवलेली, 329 रुपयांची. म्हणून हे लिहितोय, आणि सविस्तर लिहितोय.

मागच्या स्क्रूनं जबडे किती मिटायचे ते ठरतं आणि खटक्यानं लॉक सुटतं, याहून जास्त सांगत बसत नाही. ज्याच्या दारात ट्रॅक्टर नाहीतर जुनी स्कूटर आहे त्याला ते माहीत असतं. आमच्याकडे ती कशाला लागते तेवढं सांगतो. आम्ही तासगाव तालुक्यातले द्राक्षवाले. बाग वाय पद्धतीच्या, म्हणजे इंग्रजी Y आकाराच्या, तारांच्या मांडवावर. जाड तारा दहा गेजच्या, बाकीच्या बारा गेजच्या, म्हणजे साधारण अडीच-पावणेतीन मिलिमीटर. माल लागला की वजनानं तारा झोळ खातात, त्या दरवर्षी ताणाव्या लागतात. तार अँगलच्या, म्हणजे लोखंडी खांबाच्या, भोकातून ओढायची, रॅचेटनं (दातेरी चाकाच्या ताणयंत्रानं) ताण द्यायचा आणि ताण बसला की भोकाच्या बाहेरच्या अंगाला लॉक पक्कड लावायची. पक्कड अँगलला अडते, तार मागं पळत नाही, मग निवांत पीळ मारायचा. तेवढी दोन-तीन मिनिटं सगळा ताण त्या दोन जबड्यांवर असतो. समोर माणूस वाकून काम करत असतो.

आमची वडिलांच्या वेळची पक्कड दोन वर्षांपूर्वी कुणीतरी मागून नेली, ती परत आली नाही. ऑगस्टमध्ये मी घाईत ऑनलाइन मागवली. फोटोत आरशासारखी चकाकत होती, क्रोम व्हॅनेडियम (म्हणजे कडक पोलाद) असं ठसठशीत लिहिलेलं. हातात आल्यावर वजनही बरं वाटलं. पहिल्या महिन्यात ब्लोअरचे (फवारणी यंत्राचे) दोन गंजलेले नट काढले आणि मी खूश होतो. तेव्हा लिहिलं असतं तर चांगलंच लिहिलं असतं.

तार सुटल्यावर ती पक्कड घरी आणून निरखून पाहिली. जबड्याचं रिव्हेट, म्हणजे तो जोडणारी खीळ, ढिलं होतं. वरचा जबडा बोटानं दाबला तर बाजूला दोन मिलिमीटर सरकत होता. म्हणजे दात दातावर बसतच नव्हते, एकमेकांच्या शेजारून जात होते. टोकाकडचे दात तर घासून सपाट झालेले. कानशीचा कोपरा दातावर ओढला आणि तो खडूवर ओढावा तसा गेला. चांगल्या पोलादाच्या दातावर कानस घसरते, सहज कापत नाही. विकणाऱ्यांना फोटो पाठवले, भावाच्या गालाचाही पाठवला. उत्तर आलं की परत करायची सात दिवसांची मुदत संपली आहे आणि वापर चुकीचा झाला आहे. धरून ठेवण्याच्या साधनानं वस्तू धरून ठेवणं हा चुकीचा वापर कसा, हे मी तीन वेळा विचारलं. पुढं उत्तर नाही. 329 रुपयांचं मला इतकं वाईट वाटलं नाही, पण ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

तेव्हापासून मी लॉक पक्कड एकाच गोष्टीवर पारखतो : जबडे मिटल्यावर टोकाला टोक मिळतं का? बाकी मुलामा, रबराची मूठ, रंगीत डबा, सगळं नंतर. खिशात बारा गेजच्या तारेचा वीतभर तुकडा ठेवतो. दुकानात पक्कड मिटवून उजेडासमोर धरायची आणि दातांच्या मधल्या फटीकडं बघायचं. एका बाजूला उजेड आणि दुसऱ्या बाजूला अंधार दिसला तर जबडे तिरके आहेत. मग तार टोकात धरून लॉक करायची आणि तार गोल फिरवायचा प्रयत्न करायचा. फिरली तर पक्कड खाली ठेवायची. शेवटी पक्कड उघडी करून वरचा जबडा आडवा हलवून बघायचा, रिव्हेट तिथंच कळतं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला सांगलीत एका हार्डवेअरवाल्याकडं गेलो. एकाच कंपनीचे पाच नग काउंटरवर काढायला लावले. त्यातले तीन तिरके निघाले, एक बरा, एक चांगला. एकच कंपनी, एकच किंमत, एकाच खोक्यातले. दुकानदार वैतागला. म्हणाला, “अहो पाटील, एक पक्कड घ्यायला मुलगी बघितल्यागत काय बघताय!” मी त्याला भावाच्या गालाचं सांगितलं. मग तो गप्प झाला आणि आतून तापरियाची दहा इंची काढून दिली. तापरियाचा कारखाना आपल्या नाशिकला, सातपूरला. लहानपणापासून आमच्या खोक्यातले पाने याच नावाचे आहेत. पारखून तिसरा नग घेतला, 540 रुपये पडले. आज मे महिना, सात महिने झाले. जबडा हललेला नाही, दात शाबूत आहेत, खटका एका बोटानं सुटतो. फक्त मागच्या स्क्रूचे आटे थोडे सैल आहेत. मोकळी पक्कड खोक्यात हादरत राहिली की सेटिंग अर्धा आटा इकडंतिकडं होतं आणि पुन्हा जुळवावं लागतं. त्याला माझी तक्रार नाही.

पण एक अडचण तिलाही आली, आणि ती तिची चूक नव्हती. ते मला फार उशिरा कळलं.

तिचे जबडे वाकडे, म्हणजे आतून बाक असलेले, आपल्याकडं बहुतेक हेच मिळतात. नट, पाइप, रॉड असलं जाड काही धरायला ते उत्तम, कारण गोल वस्तूला तीन-चार ठिकाणी चावा बसतो. बारीक तार मात्र त्या बाकात मोकळीच राहते, तिला टोकातच धरावं लागतं. आणि जबड्याचं टोक म्हणजे रिव्हेटपासून सगळ्यात लांबची जागा. तिथं दाब सगळ्यात कमी आणि बाजूला सरकायची भीती सगळ्यात जास्त. तीच तार रिव्हेटजवळ धरता आली तर तेवढ्याच मुठीच्या जोरात कितीतरी घट्ट बसेल. म्हणजे तारेसाठी सरळ जबड्याची पक्कड हवी. वीस वर्षं बागेत काम करून ही साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. सांगलीत चार दुकानं फिरलो, सरळ जबडा कुणाकडंच नव्हता. मागवून देतो म्हणाले, पण न बघता घ्यायची माझी तयारी नव्हती.

दिवाळीनंतर बहिणीकडं पुण्याला गेलो होतो. शनिवारी बोहरी आळीत विचारलं. एका दुकानात जर्मन बनावटीची, क्निपेक्स कंपनीची लॉक पक्कड बघायला मिळाली. हातात घेतल्यावर सोडवेना. जबडे असे मिळत होते की मध्ये केस जाणार नाही. किंमत काही हजारांत, पक्कड पुन्हा डब्यात ठेवली. आमच्या धंद्यात औषधाच्या एका फवाऱ्याला काय खर्च येतो ते ठाऊक आहे, त्यामुळं पैसा कुठं घालायचा याचा विचार दोनदा होतो. ज्याला रोजचं वर्कशॉप आहे त्यानं मात्र जरूर घ्यावी.

रविवारी सकाळी जुन्या बाजारात गेलो. तो रविवारी आणि बुधवारी भरतो. जमिनीवर ताडपत्री टाकून लोखंडाचे ढीग मांडलेले असतात. लवकर जावं, कारण गॅरेजवाले चांगला माल उजाडताच उचलतात. तिथं एका ढिगात मला ती दिसली. तांबूस गंज चढलेली, स्क्रू जाम, खटका हलत नव्हता. पण जबडे सरळ. चिंध्यानं बाजू पुसली तर इंग्रजी अक्षरं उमटली : व्हाइस-ग्रिप, पीटरसन, डेविट. विकणाऱ्या चाचांनी 300 सांगितले. जाम आहे म्हटल्यावर 180 ला दिली. माझी तारेची परीक्षा घेता आली नाही, मी फक्त आडवा जबडा हलवून बघितला. गंजाखालीही तो जागचा हलला नाही, त्यावर भरवसा ठेवला.

त्या नावामागची हकीकत माहीत असल्यामुळं माझा हात थरथरला, हे खोटं सांगत नाही. विल्यम पीटरसन हा डेन्मार्कहून अमेरिकेत गेलेला लोहार. नेब्रास्का राज्यातल्या डेविट गावात त्यानं ही पक्कड घडवली, मुठीला लॉक होणाऱ्या रचनेचं पेटंट 1924 चं. सुरुवातीला तो गाडीतून फिरून शेतकऱ्यांना आणि मेकॅनिकांना ती विकायचा. पुढं 1938 मध्ये गावातच कारखाना उभा राहिला. सोडवायचा खटका बराच नंतर, 1957 मध्ये आला. त्याआधी दोन्ही मुठी हिसका देऊन उपसाव्या लागत. गाव पाचशे-सहाशे वस्तीचं आणि कारखान्यात तीनशेवर माणसं. 2008 च्या ऑक्टोबरअखेरीस तो कारखाना बंद झाला आणि काम चीनला गेलं. आमच्यापासून किर्लोस्करवाडी जवळ आहे. 1910 मध्ये माळावर एक कारखाना उभा राहिला आणि त्याच्याभोवती गाव वसलं, हे आम्ही घरात ऐकत वाढलो. त्यामुळं डेविटचं वाचून पोटात तुटतं. म्हणजे माझ्या हातातला नग निदान 2008 च्या आधीचा आणि शेतकऱ्यासाठी घडवलेल्या मूळ घराण्यातला.

घरी आणून डिझेलमध्ये दोन रात्री बुडवून ठेवली. तिसऱ्या दिवशी स्क्रू कुरकुरत फिरला. तारेच्या ब्रशनं घासली, सांध्यांत तेल सोडलं, पन्नासेक वेळा उघडमीट केली. आतली स्प्रिंग मेली होती, ती 15 रुपयांना नवी बसवली. खटका सुटला. मग उजेडासमोर मिटवून धरली. टोकापासून मुळापर्यंत एक सारखी रेघ, कुठंही फट नाही. मी बायकोला बोलावून ती रेघ दाखवली. नंतर कानशीचा कोपरा दातावर ओढला, तो घसरला.

मार्चमध्ये माल गेला आणि खरड छाटणीच्या आधी साडेतीन एकरांच्या तारा ताणायला घेतल्या. पहिला आठवडा मी सगळ्यांना सांगत होतो की नवं काही घेऊच नका, जुनंच घ्या. दुसऱ्या आठवड्यात मत बदलावं लागलं. बारा गेजला पक्कड पक्की बसायची, पण कडेच्या जाड अँगलला तीच धरली की लॉक झाल्यावरही किंचित ढिली पडायची. खोलून बघितलं तेव्हा कळलं : मागच्या स्क्रूचं आतलं टोक जिथं मुठीतल्या, लॉक करणाऱ्या पट्टीला टेकतं, तिथं वर्षानुवर्षांच्या दाबानं खळगा पडला होता. जबडे जास्त उघडे असले की पट्टी त्या खळग्यात घसरायची आणि पुरती पलीकडं जाऊन अडकायची नाही. लॉक होणं म्हणजे ती पट्टी सरळ रेषेच्या जराशी पलीकडं जाऊन बसणं, तेवढंच. ती थोडी जरी अलीकडं राहिली तरी धक्क्यानं सुटणार. स्क्रूचं टोक कानशीनं पुन्हा गोल केलं, तेव्हापासून दुरुस्त आहे. पण हे जुन्या बाजारात ढिगासमोर उकिडवं बसून दिसण्यासारखं नव्हतं. म्हणून जुनी घेणाऱ्याला माझं सांगणं : जबडा आणि रिव्हेट शाबूत असेल तरच घ्या, कारण ते घरी दुरुस्त होत नाही. स्प्रिंग, गंज, स्क्रूचं टोक हे सगळं होतं. मूठ वाकलेली असेल तर हात लावू नका. कुणीतरी तिच्यावर पाइप चढवून जोर लावलेला असतो आणि मग आतलं सगळंच ताणलेलं असतं.

आता दोघींची कामं वेगळी केली आहेत. तारा फक्त जुनीनं. नट, पाइप आणि वेल्डिंग तापरियानं. वेल्डिंगला अँगल धरताना ती जोडापासून चार बोटं लांब लावतो, नाहीतर उष्णतेनं स्प्रिंगचा पीळ जातो. अर्थिंगचा चिमटा पक्कडवर लावू देत नाही, करंट रिव्हेटमधून गेला की तिथं ठिणग्या पडून खड्डे होतात. पितळी नोझल आणि घरातले नळ यांना दोन्ही वर्ज्य, दातांचे वळ कायमचे उमटतात. आणि चांगल्या नटाला आधी पानाच. लॉक पक्कड नटाचे कोपरे गोल झाल्यावरची.

किती घट्ट करायची हेही हातानं शिकावं लागतं. एका हाताच्या जोरानं मिटली पाहिजे आणि शेवटी टक् असा आवाज आला पाहिजे. दोन हात लागत असतील तर स्क्रू अर्धा आटा मागं घ्यावा. आमच्याकडचे तात्या पूर्वी मुठीवर हातोडी मारून लॉक करायचे. त्यांना हात जोडून ते सोडायला लावलं.

ताणाच्या कामाला आता चष्म्याशिवाय कुणाला उभं राहू देत नाही. भावाच्या गालावर बारीक पांढरी रेघ राहिली आहे. परवा तोच म्हणाला, “पुन्यास्नी गेलास तर माझ्यासाठनं पन एक बघ की, सरळ तोंडाची.” पुढच्या महिन्यात बहिणीकडं जाणं आहे, तेव्हा रविवार धरूनच जाईन. तारेचा तुकडा पाकिटात आहे, आणि या खेपेला स्क्रू खोलायला डिझेलची छोटी बाटलीही बरोबर घेणार आहे, म्हणजे आतलं टोक तिथंच बघता येईल.