एकच माइक स्टेजलाही आणि घरीही? नऊ महिने वापरून झाल्यावर

गिटारसाठी माइक घेताना माझी अट एकच होती: स्टेजवर जो चालेल तोच घरी रेकॉर्डिंगला चालला पाहिजे. पैसे एकदाच जातील, असा हिशेब. आज माझ्याकडे दोन माइक आहेत, म्हणजे त्या हिशेबाचं काय झालं ते वेगळं सांगायला नको.

आधी घेतला शुअरचा एसएम ५७. १९६५ पासून विकला जाणारा डायनॅमिक माइक (चुंबक आणि तारेच्या गुंडाळीवर चालणारा), आत नाजूक असं फारसं काही नाही, फँटम पॉवर, म्हणजे केबलमधूनच माइकला द्यायची वीज, लागत नाही. स्टेजवर पहिल्याच कार्यक्रमात आवडला. समोरचं तेवढं ऐकतो, मागचं बऱ्यापैकी सोडून देतो. कागदावर त्याची झेप ४० हर्ट्झ ते १५ किलोहर्ट्झ. गिटारची सर्वांत जाड तार मोकळी वाजवली तर ८२ हर्ट्झवर बोलते, त्यामुळे खाली काही सुटत नाही. वर मात्र तारांची ती झिरमिर चमक थोडी कमी येते. पिकने ऱ्हिदम वाजवत असाल तर ती उणीव कुणालाच कळणार नाही.

घरी आणल्यावर अडचण कळली. मी बहुतेक बोटांनी वाजवते, तेही हळू. ५७ला इतका हळू आवाज पुरत नाही. इंटरफेसचा (माइक संगणकाला जोडणारा डबा) गेन, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा ते, जवळपास शेवटाला न्यावा लागायचा, आणि तिथे गेलं की प्रीॲम्पची (सिग्नल मोठा करणाऱ्या भागाची) सळसळ सुरू. दोन स्वरांमध्ये जिथे शांतता हवी, तिथे कुणीतरी सतत 'स्स्स' करतंय. माइक जवळ ओढला तर सळसळ कमी, पण आवाज ढबढबीत. डायनॅमिक काय, कंडेन्सर काय, कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारा, माइक जवळ आणला की खालचे स्वर फुगतातच. महिनाभर या दोन दुखण्यांमध्ये माझं हेलपाटणं चाललं होतं.

मग एक स्वस्तातला पेन्सिल कंडेन्सर (बारीक, लांबट, बारीकसारीक आवाजही टिपणारा माइक) घेतला. कंपनीचं नाव घेत नाही, कारण पुढे त्याची तक्रारही करायची आहे. याला ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते. छोटे मिक्सर आणि मोबाइलला जोडायचे काही डबे ती देत नाहीत, तेव्हा घेण्याआधी एवढं तरी बघाच. ५७च्या मानाने तो साधारण २० डेसिबल जास्त सिग्नल देतो, म्हणजे दसपट व्होल्टेज. गेन अर्ध्यावर आला, सळसळ गेली, आणि पहिल्यांदा रेकॉर्डिंगमध्ये बोटाचं मांस आणि नख वेगवेगळं ऐकू आलं.

पण त्याच्याबरोबर बाकीचंही सगळं आलं. पंखा, खाली गाडी लावणारा शेजारी, बाहीचं बटण गिटारच्या कडेला लागल्याची टिक, माझा श्वास. मी अवघड जागी श्वास रोखते आणि ती जागा गेली की जोरात सोडते, हे मला माइकने सांगितलं. फ्रीजची घरघर नको म्हणून एका रात्री तो बंद करून रेकॉर्ड केलं आणि चालू करायला विसरले. सकाळी दूध नासलेलं. टेक चांगला होता म्हणून सोडून दिलं.

माइक कुठे ठेवायचा याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण पैसे न घालवता आवाज सुधारला तो इथेच. सुरुवातीला मी माइक सरळ साउंडहोलसमोर (गिटारच्या पोटाच्या गोल भोकासमोर) धरायचे, आवाज तिथून येतो या समजुतीने. येतो खरा, पण गिटारच्या पोटातल्या हवेचा स्वतःचा एक स्वर असतो, बहुतेक मोठ्या गिटारांत तो १०० हर्ट्झच्या आसपास. सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी म्हणजे ९८. त्यामुळे जी कॉर्ड आली की 'ढब्ब', आणि सी आली की सगळं जागेवर. मी ईक्यूने (वेगवेगळ्या उंचीचे स्वर कमी-जास्त करायची सोय) कापत बसले होते. शेवटी माइक बाराव्या फ्रेटसमोर नेला, गिटारपासून एक वीत आणि वर चार बोटं, तोंड किंचित साउंडहोलकडे. ढब्ब नव्वद टक्के तिथेच मेलं. एका कानावर हेडफोन लावून, वाजवत वाजवत स्वतःच इंच-दोन इंच सरकत जागा शोधायची. सापडली की खुर्चीच्या पायांपाशी जमिनीवर चिकटपट्टी लावायची, नाहीतर दुसऱ्या दिवशी तो आवाज परत मिळत नाही.

आणि स्टँड. माझा हलका होता, त्याचा बूम (आडवा दांडा) हळूहळू खाली यायचा. एकदा तीन कडव्यांच्या गाण्यात आवाज जाड होत गेला. मला वाटलं, वा, काय रंगत चाललंय. बघते तर माइक गुडघ्याशी.

हाच पेन्सिल माइक उत्साहाने स्टेजवर नेला आणि तोंडघशी पडले. अंतर दुप्पट केलं की आवाज ६ डेसिबलने उतरतो, तेवढाच गेन वाढवावा लागतो, आणि तेवढाच फीडबॅक (स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरून होणारी किंकाळी) जवळ येतो. घरच्यासारखा एक वीत लांब ठेवला होता. ड्रम सुरू झाले, मॉनिटर (वाजवणाऱ्याकडे तोंड केलेला स्पीकर) वाढला, आणि दुसऱ्याच गाण्यात माइक कोकलला. साउंडवाले दादा म्हणाले, "ताई, एकतर माइक जवळ घ्या नाहीतर मॉनिटर सोडा." मी ५७ लावला, चार बोटांवर आणला आणि मॉनिटर बरोबर माइकच्या पाठीमागे सरकवला. कार्डिऑइडचा बहिरा कोपरा तिथेच असतो. सुपरकार्डिऑइड (समोरचा याहून अरुंद भाग ऐकणारा) असेल तर मॉनिटर ठेवायची जागा थोडी बाजूला येते, सरळ मागे नाही. खालून १०० हर्ट्झपर्यंतचं कापलं आणि कार्यक्रम पार पडला. मात्र माइकवर वाजवताना जागेवरून हलता येत नाही, मान डोलवली तरी कळतं. उड्या मारायच्या असतील तर गिटारलाच बसणारा पिकअप घ्या. पिएझो जातीच्या पिकअपचा आवाज जरा रबरी लागतो, पण तो तुमच्याबरोबर हलतो.

आता ती तक्रार. सहाव्या महिन्यात पेन्सिलमधून तडतड ऐकू येऊ लागली. केबल बदलली, इंटरफेस बदलला, तडतड तिथेच. हवा दमट होती आणि माइक महिनाभर स्टँडवरच उघडा. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून दोन दिवस ठेवला, तेव्हा गप्प झाला. तेव्हापासून काम झालं की डब्यात. ५७ बॅगेत कसाही पडलेला असतो, त्याला काही नाही.

विचारणाऱ्यांना मी असं सांगते: वर्षातून दोन कार्यक्रम जरी असतील तरी आधी डायनॅमिक घ्या. फक्त घरी आणि हळू वाजवत असाल तर पेन्सिल, आणि बघताना सेल्फ नॉइजचा (माइकच्या स्वतःच्या सळसळीचा) आकडा बघा. खोक्यावर ठळक छापलेलं २० ते २०,००० हर्ट्झ जवळपास सगळ्यांवरच असतं, त्यावरून काही ठरत नाही. युएसबी माइक मी घेतला नाही, कारण तो स्टेजच्या मिक्सरला लागत नाही.

स्टिरिओसाठी दुसरी पेन्सिल घ्यायचं मनात होतं. उसना आणून बघितला. दोन माइक वेगवेगळ्या अंतरावर ठेवले तर एकत्र ऐकताना आवाज पातळ पडला, अर्धा दिवस ते जुळवण्यात गेला. माइक परत केला आणि त्या पैशातून तारांचे सेट घेतले. जुन्या तारांवर तीच पेन्सिल मेल्यासारखी वाजत होती.